तराफा पोचला, पण सिद्ध काय झाले?

२०२६च्या जानेवारीत 'आयएनएसव्ही कौंडिण्य' हे शिवलेले जहाज मस्कतला पोचले. शिवलेले म्हणजे अक्षरशः शिवलेले. फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना घट्ट बांधायच्या आणि सांधे राळेने बंद करायचे, अशी ही जुनी रीत आहे. त्यानंतर काही दिवसांनी मालवण तालुक्यातल्या आचरा गावी एका शाळेत वारे आणि सागरी प्रवाह यांवर बोलायला आम्ही गेलो होतो. बोलणे संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, जहाज पोचलं. म्हणजे आता सिद्ध झालं ना, की आपले लोक कंबोडियाला गेले होते?"

जहाज गेले पश्चिमेला आणि सिद्ध झाले पूर्वेकडचे! वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण मुलीने कंबोडिया हवेतून काढला नव्हता. ज्या कौंडिण्याचे नाव या जहाजाला दिले आहे, तो दंतकथेप्रमाणे समुद्रमार्गे कंबोडियाकडेच गेला होता. आणि 'जहाज पोचले, म्हणजे सिद्ध झाले' ही विचाराची रीत तिला आमच्यासारख्यांनीच शिकवली आहे. कॉन-टिकी तराफ्याची गोष्ट आम्ही कित्येक वर्षे शाळाशाळांतून सांगत आलो आणि तिचा शेवट दर वेळी एकाच वाक्याने केला : "अशा रीतीने हायरडालने आपला सिद्धान्त सिद्ध केला." हे वाक्य चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे, हे या लेखात तपासून पाहू.

एकशे एक दिवस

थोर हायरडाल हा नॉर्वेचा. शिक्षण प्राणिशास्त्राचे. १९३७ साली तो पत्नीसह पॅसिफिक महासागरातील फातु हिवा या बेटावर राहायला गेला. तिथे वारा आणि लाटा सतत पूर्वेकडून येताना पाहून त्याच्या मनात आले, की या बेटांवर माणसेही पूर्वेकडूनच, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आली असली पाहिजेत. पॉलिनेशियातील लोक पश्चिमेकडून, आशियाच्या बाजूने आले, हे त्या काळच्या बहुतेक तज्ज्ञांचे मत होते. पेरूमधील बाल्सा लाकडाचे तराफे पाणी पिऊन बुडतील, त्यांवरून महासागर ओलांडता येणार नाही, असा आक्षेपही त्याच्यावर घेण्यात आला.

हायरडालने तराफाच बांधला. बाल्साचे नऊ ओंडके, दोरांनी बांधलेले, खिळा एकही नाही. २८ एप्रिल १९४७ रोजी पेरूच्या कायाओ बंदरातून सहा जण निघाले. पाच नॉर्वेजियन, एक स्वीडिश. १०१ दिवसांनी, ७ ऑगस्ट रोजी, सुमारे ६,९०० किलोमीटर अंतर कापून तराफा रारोइया या प्रवाळबेटाच्या खडकांवर आदळला. सहाही जण सुखरूप होते. या प्रवासावरचे पुस्तक जगभर गेले आणि चित्रपटाला १९५१ सालचे ऑस्कर मिळाले.

साहस म्हणून या प्रवासाला तोड नाही. आमची तक्रार साहसाबद्दल नाही, त्यातून काढलेल्या निष्कर्षाबद्दल आहे.

प्रयोग म्हणून पाहिले तर

समजा, कोणी म्हणाले, "आमचे पणजोबा आचऱ्याहून मालवणला चालत गेले होते." आणि पुरावा म्हणून तो स्वतः चालत जाऊन आला. काय सिद्ध झाले? एवढेच, की आचऱ्याहून मालवणला चालत जाता येते. पणजोबा गेले होते का, हे कळायचे तर मालवणात त्यांची काही खूण सापडली पाहिजे. तिथल्या वाण्याच्या जुन्या वहीत त्यांच्या नावाची उधारी सापडली, तर मात्र नातवाने चालून दाखवायची गरजच उरत नाही.

'होऊ शकते' आणि 'झाले' यांतले हे अंतर आहे. कॉन-टिकीने 'होऊ शकत नाही' हा आक्षेप खोडून काढला, आणि ते महत्त्वाचे होते. पण 'झाले' या बाजूला तराफा एक वावही सरकला नाही.

'होऊ शकते' हेही कोणत्या अटींवर? किनाऱ्याजवळचे प्रवाह आणि जहाजांची वर्दळ टाळण्यासाठी कॉन-टिकीला पेरूच्या नौदलाने सुमारे ८० किलोमीटर समुद्रात ओढून नेऊन सोडले होते. बरोबर नकाशे होते, आपली जागा काढण्याची साधने होती, बिनतारी यंत्र होते, डबाबंद अन्न होते. सर्वांत मोठी सोय म्हणजे समोर बेटे आहेत हे त्यांना ठाऊक होते. शिवाय सहा पुरुष एका बेटावर पोचणे याला स्थलांतर म्हणत नाहीत. स्थलांतराला बायका, मुले, बी-बियाणे, कोंबड्या आणि वर्षभराची तजवीज लागते.

या यादीत आम्ही एक मुद्दा विसरलो होतो. तो आचऱ्याच्या किनाऱ्यावर मिळाला.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर रापण ओढणे चालले होते. वाळूत बसलेल्या एका म्हाताऱ्या रापणकाराला आम्ही कॉन-टिकीची गोष्ट सांगितली. त्याने ती लक्ष देऊन ऐकली आणि विचारले, "मगे ते परत कशे इले?"

आम्ही सांगितले, दुसऱ्या जहाजातून. तराफाही जहाजावर चढवून नॉर्वेला नेला, तो आज ऑस्लोच्या संग्रहालयात आहे.

"मगे तो गेलो नाय," म्हातारा म्हणाला, "व्हावत गेलो."

पाठ्यपुस्तकात आपण मतलई वारे आणि खारे वारे शिकवतो. शिडाच्या काळात कोकणातला मच्छीमार पहाटे जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडे आणि दुपारनंतर समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर घरी परते. वारा नेतो कुठे, याआधी तो परत आणतो का, हा त्याचा पहिला प्रश्न. न्यूझीलंडचे पुरातत्त्वज्ञ जेफ्री अर्विन यांनी १९९२ साली पॅसिफिकमधल्या शोधयात्रांबद्दल जवळजवळ हेच मांडले. नेहमीचा वारा पूर्वेकडून येतो, म्हणून माणसे पूर्वेकडून आली असतील, असे हायरडालचे गणित होते. अर्विन म्हणतात, अनोळखी समुद्रात शिरणारा शहाणा खलाशी नेहमीच्या वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाईल. अधूनमधून पश्चिमेचा वारा सुटला, की त्यावर तो पूर्वेला निघेल. जमीन दिसली नाही, तर नेहमीचा पूर्वेचा वारा त्याला हमखास घरी आणील. वारा तोच, पण 'परत येण्याचा' प्रश्न विचारताच निष्कर्ष उलटा होतो.

प्रवाहांची आकडेमोड हे आमचे रोजचे काम असूनही हा साधा प्रश्न आम्ही वर्गात कधी विचारला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

दुसरा नॉर्वेजियन

महासागर ओलांडून झालेले स्थलांतर सिद्ध करायचे कसे? याचे उत्तर हायरडालच्याच देशातल्या, त्याच काळातल्या दुसऱ्या माणसाने दिले आहे. त्याचे नाव मात्र आपल्या वर्गांत कोणी घेत नाही.

ओटो डाल हा मादागास्करमध्ये मिशनरी म्हणून राहिलेला भाषाअभ्यासक. मादागास्कर हे आफ्रिकेला खेटून असलेले बेट, पण तिथली मलागासी भाषा आफ्रिकेतल्या शेजारच्या भाषांशी जुळत नाही. ती मलाय कुळातली आहे, हे आधीपासून माहीत होते. डालने ती बोर्निओ बेटाच्या दक्षिण भागातील मान्यान या भाषेशी शब्दाला शब्द आणि ध्वनीला ध्वनी लावून ताडून पाहिली. १९५१ साली त्याने दाखवून दिले, की या दोन भाषा सख्ख्या बहिणी शोभाव्यात इतक्या जवळच्या आहेत. बोर्निओ आणि मादागास्कर यांच्यामध्ये अख्खा हिंदी महासागर आहे. डालने तो ओलांडून दाखवला नाही. शब्दांचे तक्ते मांडले.

पुढे इतरांनी दुसऱ्या वाटांनी तपासणी केली. मलागासी लोकांच्या डीएनएमध्ये आफ्रिकेबरोबर आग्नेय आशियाचा वारसा स्पष्ट दिसला. मादागास्करमधील जुन्या वस्त्यांच्या उत्खननात भात आणि मूग या आशियाई पिकांचे जळके दाणे मिळाले. शब्द, रक्त आणि धान्य हे एकमेकांशी संगनमत न केलेले तीन साक्षीदार आहेत, आणि तिघांची साक्ष एक आहे. याला आम्ही सिद्धता म्हणू.

हीच कसोटी पॉलिनेशियाला लावली तर काय दिसते? तिथल्या भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या आहेत, त्यांची मुळे तैवान आणि आग्नेय आशियाकडे जातात. डुक्कर, कोंबडी, तारो हा अळूच्या जातीचा कंद, हे सगळे पश्चिमेकडचे आहे. डीएनएचा मुख्य प्रवाहही तिकडचाच. हायरडालचा मूळ सिद्धान्त येथे टिकत नाही.

पण न्याय दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे. रताळे हे अमेरिकेचे पीक, आणि युरोपीय लोक पोचण्याआधी ते पॉलिनेशियात होते. २०२० साली १७ बेटांवरील आणि अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील १५ समूहांतील मिळून ८०७ लोकांच्या जनुकीय अभ्यासातून दिसले, की इसवी सन १२००च्या सुमारास पूर्व पॉलिनेशियातील लोकांत मूळ अमेरिकन वारसा मिसळला होता. म्हणजे संपर्क झाला होता. हायरडालचा हा एक अंदाज खरा निघाला. मात्र तो खरा ठरवला प्रयोगशाळेने, तराफ्याने नाही. अमेरिकेचे लोक तिकडे वाहत गेले, की पॉलिनेशियाचे कुशल खलाशी अमेरिकेला जाऊन परत आले, यांतले काय घडले हे कॉन-टिकीच्या १०१ दिवसांवरून मुळीच ठरवता येत नाही.

हरण्याची सोय

विज्ञानातल्या प्रयोगाला हरण्याची सोय असावी लागते. निकाल अमुक आला तर आमचा सिद्धान्त चुकला, असे आधी कबूल करावे लागते. तराफ्याच्या प्रयोगात ही सोय होती का?

हायरडालचाच पुढचा इतिहास पाहा. १९६९ साली तो 'रा' नावाच्या पपायरसच्या नावेतून मोरोक्कोहून अटलांटिक ओलांडायला निघाला. नाव वाटेत मोडकळीला आली आणि सोडून द्यावी लागली. म्हणून प्राचीन लोक अटलांटिक ओलांडून गेले नव्हते, असे तो म्हणाला का? नाही. बांधणीत चूक झाली म्हणाला, दुसरी नाव बांधली आणि १९७० साली 'रा-२' मधून ५७ दिवसांत बार्बाडोसला पोचला. पोचलो तर सिद्धान्त खरा आणि बुडालो तर बांधणी खोटी! असा प्रयोग हरूच शकत नाही, म्हणून त्याच्या जिंकण्यालाही फारसे मोल राहत नाही.

याची दुसरी बाजू आपल्या अरबी समुद्रात घडली. २००५ साली ओमानमधील सूर येथून 'मगन' नावाची बोरूची नाव गुजरातेतल्या मांडवीकडे निघाली आणि निघाल्यावर लवकरच बुडाली. खलाशी वाचले. त्यामुळे सिंधू संस्कृतीचा आखाताशी व्यापार नव्हता, असे कोणी म्हटले नाही, कारण त्या व्यापाराची 'वाण्याची वही' आधीच सापडलेली आहे. उर येथील उत्खननात सिंधू पद्धतीच्या मुद्रा मिळाल्या, त्यांवर गॅड यांनी १९३२ सालीच लिहिले होते. मेलुहाच्या जहाजांचा उल्लेख मेसोपोटेमियाच्या लेखांत आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुरावा असला, की नाव बुडाली तरी बिघडत नाही. नसला, तर तरली तरी भागत नाही.

मग असे प्रवास निरुपयोगी आहेत का? नाहीत. प्रश्न नेमका असेल तर ते फार कामाचे असतात. अँड्र्यू शार्प यांनी १९५६ साली म्हटले, की उपकरणांशिवाय पॉलिनेशियन लोकांना हेतुपूर्वक दूरचे प्रवास करणे शक्य नव्हते. याला उत्तर म्हणून १९७६ साली 'होकुलेआ' ही जोडनौका हवाईहून ताहितीला गेली. मायक्रोनेशियातील माउ पियाइलुग या नाविकाने होकायंत्राशिवाय तारे आणि लाटा यांच्या आधारे ती नेली. 'शक्य नाही' या नेमक्या विधानाला दिलेले ते नेमके उत्तर होते.

कौंडिण्यकडे पाहताना

आता आपल्या जहाजाकडे येऊ. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातल्या जहाजावरून कौंडिण्यची कल्पना घेतली. सांस्कृतिक मंत्रालयाने पैसा दिला. गोव्यात केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या हाताखाली ते शिवले. आयआयटी मद्रासमध्ये नमुन्याच्या चाचण्या झाल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून ते मस्कतला पोचले. बातमी वाचताना आमचाही ऊर भरून आला होता, हे लपवत नाही.

पण चित्र म्हणजे नकाशा नव्हे. दोर किती जाड, टाके किती अंतरावर, तळाचा आकार कसा, हे अजिंठ्याचा चित्रकार सांगत नाही. या रिकाम्या जागा कारागिरांच्या हातातल्या परंपरेने आणि अभियंत्यांच्या गणिताने भरल्या. त्यामुळे पाण्यात जी परीक्षा झाली, ती पाचव्या शतकाइतकीच आजच्या कारागिरांचीही झाली. हे कमीपणाचे नाही. शिवलेले सांधे किती पाणी घेतात, चौकोनी शीड वाऱ्याशी किती कोन साधते, सुकाणूचे वल्हे भरसमुद्रात कसे वागते, या नोंदी हेच या जहाजाचे खरे फळ आहे.

आणि कंबोडिया? फुनान राज्याच्या दंतकथेत कौंडिण्य समुद्रावरून येतो, तिथल्या राणीशी लग्न करतो आणि राजघराणे सुरू होते. चिनी ग्रंथांतही ही कथा येते. २०२२ साली अंकोर बोरेई येथील वात कोम्नू दफनभूमीतल्या एका लहान मुलाच्या अस्थींचा डीएनए प्रसिद्ध झाला. मूल इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातले. त्याच्या वारशाचा ४० ते ५० टक्के भाग दक्षिण आशियातला निघाला. आचऱ्याच्या त्या मुलीला द्यायचे खरे उत्तर हे आहे. माणसे गेली होती आणि तिथे संसारही झाले होते, हे त्या मुलाच्या अस्थी सांगतात. जाणाऱ्याचे नाव कौंडिण्य होते का आणि जहाज कसे होते, हे त्या सांगत नाहीत. जेवढा पुरावा तेवढेच बोलावे.

याला कोणी नीरसपणा म्हणेल. त्याने हायरडालचे पुस्तक पुन्हा वाचावे. पॉलिनेशियाला संस्कृती देणारे लोक गोरे आणि दाढीवाले होते, असे त्यात मांडले आहे. बेटांवरच्या माणसांचे पूर्वज स्वतःच्या कौशल्याने तिथवर आले, हे त्या कल्पनेत बसत नव्हते. प्रवास रोमांचक असला, की त्याच्यासोबत असली कल्पनाही आपल्या नकळत मनात उतरते. आपल्या पूर्वजांबद्दलचा अभिमानही असाच उतरू शकतो. म्हणून शिक्षकाने दारात उभे राहून प्रत्येक विधानाची झडती घेतली पाहिजे.

आचऱ्याची उलांडी

ही झडती शिकवायला पॅसिफिकला जायची गरज नाही. मालवण किनाऱ्यावरच्या लाकडी होडीला एका बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेले लाकूड असते. तिला उलांडी म्हणतात. होडी कलंडू नये म्हणून ती असते. अशी उलांडी श्रीलंकेत आहे, इंडोनेशियात आहे, मादागास्करमध्ये आहे आणि थेट पॉलिनेशियातही आहे. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम केलेले जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली भारतीय होड्यांवर मोठा निबंध लिहिला आणि दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरील अशा रचनांमागे पॉलिनेशियन संबंध असावा असे सुचवले. म्हणजे स्थलांतराचा एक सिद्धान्त आचऱ्याच्या वाळूतच पडलेला आहे.

तो खरा मानावा का? एकटी उलांडी साक्षीला पुरत नाही, कारण कलंडणाऱ्या होडीला आधार लावायची युक्ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही सुचू शकते. दुसरा साक्षीदार बोलावू. उलांडीबरोबर माडही तिकडूनच आला, असे म्हणावेसे वाटते. पण २०११ साली बी गन आणि सहकाऱ्यांनी तेराशेहून अधिक माडांचे डीएनए तपासले, तेव्हा पॅसिफिक आणि हिंदी महासागर असे दोन वेगळे गट निघाले. भारतातले माड दुसऱ्या गटातले आहेत. दोहोंची मिसळ दिसली ती मादागास्करच्या बाजूला, जिथे बोर्निओची भाषाही पोचली होती. तेव्हा माडाची साक्ष तरी हॉर्नेलच्या बाजूने पडत नाही.

शिक्षकांनी वर्गात एक तक्ता करून पाहावा. तीन रकाने : 'असे होऊ शकते', 'असे झाले' आणि 'हे खोटे ठरायचे तर काय सापडायला हवे'. कॉन-टिकी, मादागास्कर, कौंडिण्य आणि उलांडी या चार ओळी मुलांनी भराव्यात. तिसरा रकाना सर्वांत जड जाईल. तो भरताना वर्गात वाद झाला, तर तास सार्थकी लागला समजावे.

किनाऱ्यावरच्या शाळांना आणखी एक काम करता येईल. होडीची लांबी-रुंदी, दांड्यांची संख्या, उलांडी कोणत्या बाजूला, बांधणीची गाठ कशी, प्रत्येक भागाला म्हातारी माणसे काय म्हणतात, हे सारे मुलांनी वहीत उतरवावे आणि गाठींची चित्रे काढावीत. डालने मादागास्करचे कोडे अशाच साध्या शब्दांतून सोडवले. आता फायबरच्या होड्या आल्या आहेत. लाकडी होडी कुजली, की गाठ जाते, आणि गाठीचे नाव सांगणारा गेला, की शब्दही जातो.

त्या म्हाताऱ्या रापणकाराची जुनी होडी माडाखाली पालथी पडलेली आम्ही पाहिली. उलांडीचे लाकूड एका टोकाला भुसभुशीत झाले आहे. आणखी दोन पावसाळे ती काढील असे वाटत नाही. मोजमाप त्याआधी झाले पाहिजे.